टोकाकडची रेघ

रावपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर
मी दोन वर्षं हृदयं गिरवली.
खाली फरसाणवाला, वर आम्ही सहा जणी, सहा पडदे.
दुपारी कढईचा वास आला
की समजायचं, सत्तरावं हृदय झालं.

प्रत्येक ठोक्यातली दोनच चित्रं घ्यायची.
डावा कप्पा भरून तट्ट झालेला,
आणि तोच, रक्त ढकलून आक्रसलेला.
आतली कड माउसने काढायची.
मध्ये स्नायूंचे खांब दिसले
तरी त्यांना वळसा घालायचा नाही.
डॉक्टर परीख पहिल्याच दिवशी म्हणाले,
"बेन, सुंदर नको. बराबर पाहिजे."

चित्रकलेची पदवी माझी.
सयाजीबागेत सावल्या काढून तयार झालेल्या हाताला
ही राखाडी, रवाळ धूळ कळेना.
शेजारची झंखना म्हणाली,
काळ्या घोड्याच्या पुलावरून विश्वामित्री बघतेस ना?
ओंडका की मगर, थांबलेल्या चित्रात नाही समजत.
चालू दे जरा.
पाण्याबरोबर जातो तो ओंडका.

मग क्लिप पुढे, मागे, पुढे, मागे.
शिकले.

पण टोकाशी, जिथे बरगडीची सावली पडते,
तिथे कडच नसते.
तिथे अंदाज करायचा, असा नियम.
माझा अंदाज दर वेळी थोडा फुगायचा,
डावीकडे झुकायचा,
चोखून टाकलेल्या आंब्याच्या बाठ्यासारखा.
परीखांनी काही खोडले. बरेच तसेच गेले.

सगळ्यांच्या रेघा मॉडेलला पाजून झाल्या
तेव्हा कंपनीने पेढे वाटले
आणि महिनाअखेरीस नारळ दिला.

बाबांना यंदा जिना चढवेना.
मांजलपूरच्या दवाखान्यात डाव्या कुशीवर झोपवलं,
थंड जेल लावलं तसे ते दचकले.
चौधरीबेननी प्रोब दोन बरगड्यांत टेकवून
एक बटण दाबलं.
हिरवी रेघ आपली आपण उमटली,
डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात.
खाली आकडा : त्रेचाळीस.

शंभरातले त्रेचाळीस.
मी आकडा नंतर वाचला.
आधी टोक पाहिलं.
बाठा.

बाबांनी चाळीस वर्षं मंगळबाजारात
भांड्यांवर नावं घातली.
लग्नाच्या तांब्यांवर, शाळेच्या करंडकांवर.
मान वळवून त्यांनी पडदा निरखला,
"कोणी काढलीय ही?
चांगलीय. पण शेवटाला हात सैल सोडलाय."

मशीनने काढली काका, चौधरीबेन म्हणाल्या.
"असेल. पण शिकवलं कोणी त्याला?"

मी भिंतीवरचा पंख्याचा रेग्युलेटर बघत राहिले.
मग म्हटलं, एकदा हाताने मोजाल?
बाहेर अकरा पेशंट बसलेले.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली,
बाबांना श्वास सोडून थांबायला सांगितलं,
प्रोब बोटभर खाली सरकवला,
आणि टोकाशी दोन ठिपके आत घेतले.
पुन्हा दुसऱ्या चित्रात.

सेहेचाळीस.

"तीनाचा फरक चालतो," त्या म्हणाल्या,
"माणसा-माणसात पण पडतो."
खरं आहे. गोळ्या त्याच राहिल्या.
बाबा सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावत होते,
मी सोडून परत लावली.

खाली येताना दाराशी रांग होती.
हातात फायली, पायात चपला उलटसुलट.
अकरा. आणि उद्याचे.
आणि अहो, भरूचला, आणंदला,
जिथे कुठे ते बटण गेलं असेल तिथे,
बरगडीच्या सावलीत,
माझा फुगलेला हात.

रिक्षात बाबांनी विचारलं,
तुला माहीत होतं का ग, शिकवणारं कोण?

पुलावर ट्रॅफिक थांबलं होतं.
खाली पाण्यात काहीतरी होतं.
मी बघत राहिले,
हलतंय का.