टाकीजवळची वही

टाकी माझी. चौदा रेनबो मासे माझे,
सकाळी सातला उन्हाची तिरीप काचेवर आली
की अंगावरच्या लाल रेषा पेटवून नाचणारे.
आणि एका गुरुवारी लिंडसेनं बादलीतून
हा आणला. नदीतलाच कॅटफिश, बोटाएवढा,
काळपट, तोंडाभोवती आठ मिश्या,
मागे वामीसारखी निमुळती होत गेलेली शेपूट.
नदीतून धरायची बंदी, म्हणून हॅचरीची पावती
फ्रिजवर चुंबकाखाली लावली. बोलला नाही काही.

वडिलांची बोट विकली त्या हिवाळ्यापासून
आम्ही बोलत नाही. एका घरात राहतो.
मी शाळेची बस चालवते,
तो संत्र्यांच्या शेडमध्ये रात्रपाळी करतो.
दारात भेटलोच तर भाऊबहीण
एकमेकांना वाट देतो.

भाडेकरूही तसाच. (नाव मी ठेवलं.)
दिवसभर मातीच्या पाइपात, बाहेर फक्त मिश्या.
दिवा मालवला की निघायचा,
खडीवर तोंड टेकवून,
हरवलेली किल्ली शोधावी तसा
कोपरान् कोपरा चाचपत.

वर्षात वीतभर झाला.
एका सकाळी चौदाचे बारा.
खडी उपसली, झाकणामागे पाहिलं, फिल्टर उघडला,
मग त्याच्या पोटाकडे पाहिलं.
वहीत लिहिलं, पेन दाबून:
तुझ्या माशानं माझे दोन खाल्ले.
दुसऱ्या दिवशी खाली त्याचं बारीक अक्षर:
डेझ्मा, तो उपाशी होता. तू सकाळी घालतेस
ते वरचे वरच संपवतात, तळाशी पोचत नाही.
कामावर निघण्याआधी मी घालत जाईन. कोळंबी. अंधारात.
तुझ्यांना झोपायला मागच्या कोपऱ्यात दाट पाला लाव.

पाला लावला. आभार लिहिले नाहीत.
त्यानं नवा पाइप ठेवला, जुन्यात
खांदे अडत होते. एकदा लिहिलं,
पंखाच्या काट्याला हात लावू नकोस, विषारी असतो,
शेजारी काट्याचं चित्र,
लहानपणी काढायचा तसंच वाकडं.
वही भरत गेली.
पाणी बदललं. सर्व बारा.
कोळंबी संपली. सर्व बारा.
गॅसचं बिल तू भर. सर्व बारा.

पलीकडची यूनिस काचेला नाक लावून विचारते,
खात नाहीत एकमेकांना?
पोट भरलेलं असलं, बीळ स्वतःचं असलं, तर नाही, मी सांगते.
म्हणजे पटतं त्यांचं?
ते मी विचारलेलं नाही.

गावाबाहेर डार्लिंग मरेला मिळते तिथे
बराच वेळ दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी वाहतं,
एक दुधाच्या चहासारखं, एक हिरवट.
बस रिकामी असली की मी थांबते जरा.
मिसळतं नेमकं कुठे, ते काठावरून दिसत नाही.

जानेवारीत पारा शेहेचाळीसवर गेला आणि रात्री वीज गेली.
पंप थांबला. शेडही बंद, लिंडसे परत आला.
मासे वर, तोंडं पाण्याच्या कातडीला लावून,
आणि टॉर्चच्या उजेडात, त्याच बारांच्या मधोमध,
भाडेकरू, मिश्या हवेत.
मी पातेल्यानं पाणी उचलून उंचावरून ओतत होते.
दंड भरून आले तेव्हा मागून एक हात आला,
पातेलं घेतलं त्यानं.
असं पहाटे चारपर्यंत, आळीपाळीनं.
मध्येच म्हणाला, ‘बोटीतलं पाणी उपसायचो तसं.’
मी म्हटलं, ‘गळायचीच ती.’
‘गळायची,’ तो म्हणाला.
मग पंप खोकला आणि चालू झाला.

सकाळी तो झोपलेला. वहीत
ओल्या बोटांनी फिसकटलेली ओळ:
सर्व बारा. आणि तो.
मी खाली लिहिलं:
सर्व तेरा. कोळंबी आणायची आहे.