मिसेस स्टिन्सन यांचं फाटक

हा रस्ता मला पाठ आहे,
पण ताशी तीस मैलांनी.
अकरा वर्षं लाल व्हॅनमधून
याच्या दोन्ही अंगांना टपाल वाटलं मी:
वीजबिलं, लग्नाची आमंत्रणं,
इस्पितळाच्या तारखा, बियाण्यांची सूचीपत्रकं.
कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं
आणि कुठलं न भुंकता येतं, ठाऊक आहे.
आर्मा परगण्यातली सफरचंदं
कुठल्या कुंपणावरून हाताला लागतात, तेही.

गाडी घेतली नोएल हॅवरनकडून,
साडेसहाशेची, माझ्या व्हॅनहून जुनी.
नोएलचं डावं मनगट वळत नाही;
चहाचा कपसुद्धा तो कोपरातून उचलतो.
एवढंच म्हणाला, "आधी तेलाच्या बोल्टला भोक पाड,
तार ओवून पीळ दे.
तुझं तेल सांडलं, तर पडणार मागचा."
हिवाळाभर मी बोल्टांना भोकं पाडली.
सात ड्रिल मोडली.
आठव्यानं अंगठ्याचं नख नेलं.
कातडी सूट जुना मिळाला;
कुणा जाड्या माणसाचे गुडघे
अजून त्यात वाकलेले होते.

मार्चमध्ये एका ओसाड धावपट्टीवर
एक दिवसाचं शिक्षण.
पिवळा झेंडा म्हणजे सावध, लाल म्हणजे संपलं,
काळा आणि त्याखाली तुमचा नंबर, म्हणजे तुम्हीच.
मग फॉर्म. रक्तगट. वय एक्केचाळीस.
'काही घडल्यास कोणास कळवावे?'
इथे पेन अडलं.
लोकांच्या दारात असले लिफाफे
एरवी मीच टाकतो.
बहिणीचं नाव लिहिलं, बर्नी,
आणि तिला सांगितलं नाही.

जूनमधल्या शनिवारी साडेनऊला रस्ता बंद झाला.
विजेच्या खांबांना पेंढ्याच्या गाद्या,
माझी टपालपेटीही गुंडाळलेली,
जणू डोकं दुखतंय तिचं.
माझ्या अंगावर नवख्याचं नारिंगी जाकीट,
म्हणजे मागून येणाऱ्याला निरोप:
या माणसाचा भरवसा नाही.

झेंडा पडला
आणि घरं नव्हतीच.
बारा नंबर, चौदा नंबर, विटांची नवी भिंत,
सगळं एकाच हिरव्या रेघेत ओढलेलं.
श्वास घ्यायचा राहिलाय
हे चौथ्या गिअरला कळलं.
ज्या टेकाडावर मी रोज सँडविच खातो
तिथे दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली.
तिथून तळं दिसतं, लांब, राखाडी.
मला दिसत होता
पुढच्याचा टायर.

मग सतरा नंबर. मिसेस स्टिन्सन यांचं फाटक.
मनगट आपोआप सैल झालं.
तिथे मी वेग उतरवतो, कारण म्हातारी
स्लिपरवर रस्त्यापर्यंत येते
आणि तिला कमी ऐकू येतं.
चार नारिंगी जाकिटं
माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून निघून गेली.
पाच फेऱ्या. पाचही वेळा मनगटाला बजावलं.
पाचही वेळा ते माझं नव्हतं,
टपालखात्याचं होतं.

सव्वीसात चोविसावा आलो.
उरलेल्या दोघांतल्या एकाची साखळी तुटली होती;
दुसरा मात्र खरोखरच माझ्यामागे होता.
त्याचं नाव मी विसरणार नाही.
नोएलनं घड्याळ पुढे केलं,
"सतराच्या फाटकाशी दर फेरीला चार सेकंद.
काय आहे तिथं?"
म्हणालो, "बारीकसा उंचवटा आहे."

सोमवारी डांबरावर काळ्या रेघा,
त्यातली एकही माझी नाही.
पेंढ्याच्या काड्या टपालपेटीच्या तोंडात.
मिसेस स्टिन्सन फाटकाशी, स्लिपरवर.
"शनिवारी कुंपणामागे खुर्ची टाकून बसले होते," म्हणाल्या,
"मला ऐकू येतं असं वर्षात एवढंच.
सगळे आपले सुसाट.
एकच नारिंगीवाला दर वेळी आवाज उतरवायचा.
वाटायचं, आता थांबेल हा,
माझं काही पत्रबित्र असेल."

मी गॅसचं बिल त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी माझं अर्धं उगवलेलं नख बघितलं.
"कुठे चेपलं?"
"दारात," मी म्हणालो,
आणि त्या फाटक लावेपर्यंत
व्हॅन सुरू केली नाही.