निव्वळ वजन

खोर ख्वैरला डोंगर फोडतात.
दगड बंदरावर जातो, तिथून बोटीने
कुवेतला, कतारला,
जिथे समुद्रात नवी जमीन घालायची असते तिथे.
मध्ये माझी केबिन. एक खिडकी, एक एसी,
आणि खिडकीबाहेर शंभर टनी वजनकाटा.

गाडी रिकामी येते: आकडा.
भरून येते: आकडा.
दुसऱ्यातून पहिला वजा करायचा, पावती फाडायची.
सतरा वर्षं.

ऊर्वी बारावीला आहे. कुडाळहून फोनवर विचारते,
"बाबा, तुझा ड्रीम जॉब काय होता?
सरांनी घरातल्या मोठ्यांना विचारून यायला सांगितलंय."
मी म्हटलं, आवाज तुटतोय.
आवाज काही तुटत नव्हता.

खरं सांगायचं तर आठवत नाही.
आयटीआयला जागा होती तिथे गेलो,
व्हिसा निघाला तो धरला.
स्वप्नातलं काम म्हणाल तर
स्वप्नात मी अजूनही ट्रकच मोजतो,
आणि कधीतरी नंबर प्लेट वाचताच येत नाही,
घामाघूम होऊन उठतो.

शेजारच्या पलंगावर अनीस नाखवे, मुरुडचा.
त्याला चित्रकार व्हायचं होतं. झाला.
हॉटेलांच्या खोल्यांसाठी उंट काढतो,
आठवड्याला चाळीस, सूर्यास्तासकट.
झोपताना भिंतीकडे पाठ करतो.
पण परवा म्हणाला, संध्याकाळी हा डोंगर जांभळा नसतो रे,
नीट बघ, वांग्याचा देठाजवळचा रंग असतो तो,
तेव्हा त्याचा आवाज वेगळा झाला होता.
माझा कुठल्याच कामाच्या नावाने तसा होत नाही.
हे ऊर्वीला सांगावं की नाही?

वर्षातून एकदा सरकारी माणूस येतो.
प्रमाणित वजनं ठेवून बघतो, कोपऱ्यांत, मधोमध,
मान हलवतो, हिरवं स्टिकर लावतो.
त्या रात्री मी वरणावर तूप जरा सैल हाताने घेतो.
एकदा एका कंत्राटदाराने पाकीट पुढे केलं होतं,
गाडीमागे फक्त अर्धा टन.
मी खिडकी लावून घेतली. शूरपणा नव्हता तो,
आकडा खोटा पडला की मला जेवण जात नाही, एवढंच.
याला आवड म्हणतात का?
विचारायला हवं तिच्या सरांना.

एक गोष्ट मात्र फार उशिरा सुचली.
ड्रायव्हर रिकाम्या गाडीत असतो, भरलेल्या गाडीतही असतो.
वजाबाकीत तेवढा माणूस उडून जातो.
लाखो टनांची नोंद माझ्या हातची,
आणि शेर जमीनचा एक किलो नाही त्यात.

तो गुरुवारी गेला. स्वातला, कायमचा.
शेवटची खेप टाकून आला, गाडी काट्याच्या पुढे नेऊन लावली
आणि चालत मागे येऊन पत्र्याच्या मधोमध उभा राहिला.
"मास्टर, आज मुझे तोलो."

या काट्याला किरकोळ वजन कळत नाही,
वीस-वीस किलोंनी उडी मारतो तो.
साठ दाखवलं. मग त्याने पाय बदलला की वारा आला कोण जाणे,
ऐंशी. साठ. ऐंशी.
ठरेना.
मागे दोन गाड्यांचे हॉर्न.
मी पावती छापली: वाहन नाही, माल नाही,
ड्रायव्हर शेर जमीन, निव्वळ ऐंशी.
सतरा वर्षांत पहिल्यांदा जास्तीचा आकडा धरला.
त्याला वाचता येत नाही. त्याने चार घड्या केल्या
आणि पासपोर्ट होता त्याच खिशात ठेवली.

ऊर्वीचा मेसेज आहे: काय लिहू, उद्या द्यायचंय.
मी टाइप केलं, खोडलं.
पुढची गाडी पत्र्यावर चढली आहे,
अजून डुलते आहे,
आकडा स्थिर व्हायला जरा वेळ लागतो.