ग्रेड

डिचोलीच्या पलीकडे जिथे पूर्वी टिपर दुरुस्त व्हायचे
त्या शेडमध्ये आता स्टीलच्या तीन टाक्या उभ्या आहेत
आणि इफिजेनिया म्हणते, बसा उल्हासबाब,
तुमचं नाक पाहिजे.

माझं नाक कसलं, पोरी.
एकतीस वर्षं लॅबमध्ये लाल धूळ हुंगून
त्याचा तांबडा रुमाल झालाय.

ती ऐकत नाही. टोपण उडवते,
ग्लास कलता धरून ओतते. काळं.
छे, काळं नव्हे:
बल्बसमोर धरलं तर तळाशी तांबूस काही हलतं,
बंद खाणीत साचलेल्या पाण्यावर
संध्याकाळी साडेसहाला हलतं तसं.
वर फेस, भाजल्या काजूच्या सालीच्या रंगाचा,
बसायची घाई नसलेला.

राय आहे यात, ती सांगते.
राई? फोडणीची?
ती इतकी हसते की मागून कुत्रं भुंकतं.
राय हो, बाब. धान्य. थंड मुलखातलं,
गव्हाचा तापट चुलतभाऊ.

बरं. राईचा पर्वत करायची मला सवय नाही.
पर्वताची राई केलेली मात्र
याच डोळ्यांनी पाहिलीय.
अख्खा डोंगर, टिपर टिपर करून बार्जमध्ये,
बार्जमधून बोटीत,
बोटीतून कुठे ते कागदावर होतं, मी वाचलं नाही.
माझं काम तेवढं मूठभर माती कुटून
आत लोखंड किती, ते सांगायचं.
अठ्ठावन्नच्या खाली निघालं तर ढीग बाजूला.
पुढेपुढे हातात वजन घेऊनच कळायचं.
माणसांचंही कळतं असं वाटायचं तेव्हा.

तिने कागद पुढे सरकवला. पाच चौकोन:
रंग, वास, चव, अंग, शेवट.
शंभरपैकी, म्हणाली. खरं सांगा, तोंडदेखलं नको.

पहिला घोट.
जिभेच्या टोकाला काहीच नाही.
मग मागून, उंबऱ्याला ठेच लागावी तसं
तिखट काही. मिरी नव्हे.
पोदेराच्या भट्टीत विसरलेल्या पोयचं बूड,
कोंड्याचं, करपलेलं,
ते खरवडून खाताना लागतो तो कडवट गोडवा.
गूळ आहे कुठेतरी, पण भिडस्त,
पाहुण्यांसमोर न येणारा.
दुसऱ्या घोटाला अंग जाणवतं: जाड, सावकाश,
गिळल्यावरही थोडा वेळ तोंडातच बसून राहतं,
आणि सगळं निघून गेल्यावर

ओलं लोखंड.

पाणी कुठलं गं?
इथलंच, बोअरचं. तीनदा गाळते. का?
काही नाही.
लागलं ना तुम्हाला? तिचा आवाज खाली येतो.
मलाही लागतं. दोष धरतात तो. गुण कापतात.

गंमत आहे.
लोखंड कमी म्हणून जन्मभर मी माल नाकारला,
आणि इथे ते लागलं म्हणून
या पोरीच्या दोन वर्षांवर काट मारू?

इतक्यात तिचा बाप आला, रोमाल्द.
एके काळी दहा टिपरांचा धनी.
खाणी बंद झाल्या त्या वर्षी
दहाही इथल्याच अंगणात उभे होते, बँकेच्या नावाने,
टायरांत डास, बॉनेटवर कोंबड्या.
डॉक्टरने त्याची बंद केलीय. त्याने माझा ग्लास उचलला,
नाकाशी धरला, डोळे मिटले, म्हणाला,
रेडिएटर.
पाय, तू भितर वच, ती करवादली.

मी पेन उघडलं.
रंगाला चांगले दिले. वासाला हात आखडला.
चवीला दिले, मग खोडून एक वाढवला.
शेवटाच्या चौकोनात बराच वेळ
पेनचं टोक नुसतं टेकवून बसलो.
बेरीज केली, कागद तिच्याकडे फिरवला.

अठ्ठावन्न?
तिचा चेहरा पडला. एवढेच, बाब?

दारात रोमाल्द थबकला. वळला.
किती म्हणालास?
अठ्ठावन्न.
मग भर, तो म्हणाला. बोट थांबलीय.

आणि आम्ही दोघे म्हातारे असे हसलो
की ती कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत राहिली,
हातात कागद धरून.
रोमाल्दने ग्लास पुन्हा हुंगला.
प्याला नाही. जपून खाली ठेवला,
ओल्या वर्तुळावर, होता तिथेच.