अर्थ

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, पुलाच्या सावलीत माझं दुकान.
भर दुपारी हुक्केरीकडून दुंडाप्पाची बोलेरो आली,
मागच्या सीटवर त्याची नऊ-दहा वर्षांची सहना,
आणि डिकीत रिकाम्या खोक्यांखाली अँप्लिफायर.
"बंद पडूलालंय बघा. चार ठोके वाजतंय, मग लाल दिवा.
संकेश्वरात दोघांनी उघडलं. एक म्हणाला, नवीनच घे."

लाल दिवा लागला म्हणजे तो मेला नाही.
जळायच्या आत गप्प बसायला शिकलेला असतो.
हे मी सगळ्यांना सांगतो,
आणि सगळे माझ्याकडं बिलाकडं बघावं तसं बघतात.

स्पीकरच्या तारा सोडल्या. हिरवा दिवा टिकला.
स्पीकर मोजला, साडेतीन ओहम, ठीक.
तार कुठं पत्र्याला घासलीय का, दाराच्या बिजागरीपर्यंत
बोटानं चाचपत गेलो. नाही.
वरचं कवच कोमट, निवलेल्या चहाइतकंच.
परत जोडलं, आवाज चढवला:
धप्, धप्, धप्, धप्
आणि मग नुसता पुलावरच्या ट्रकांचा आवाज.

बॅटरीवर बारा पॉइंट चार.
अँप्लिफायरच्या तोंडाशी, ठोका पडताना, साडेनऊ.
तीन व्होल्ट वाटेत कोण खातंय?
लाल केबल तांब्याची, फ्यूज घट्ट.
काळी केबल, जिला आम्ही अर्थ म्हणतो,
सीटच्या बोल्टाला. तोही चकचकीत, पिळून बसवलेला.
मीटर लावला तर शून्य.
शून्याला काय विचारणार.

तेव्हा ध्यानात आलं,
दर वेळी लाल दिव्याच्या जरा आधीच
ती पोर सबवूफरवरचा तळहात उचलते.
"तिला ऐकू येत नाही," दुंडाप्पा म्हणाला, "जन्मापासनं.
हे सगळं तिच्यासाठीच तर बसवलंय.
हाताला कळतंय तिच्या, कुठलं गाणं ते."
मी आवाज पुन्हा चढवला आणि तिला खूण केली: कुठं?
तिनं खोक्यावरून हात काढला, पत्र्यावर ठेवला,
सरकवत सरकवत सीटखाली नेला,
बोल्टाला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.
बोटावर फुंकर घातली.

पाना लावला. बोल्ट निघाला.
रिंगेखाली रंग.
वर चंदेरी, त्याखाली पांढरा, त्याखाली कंपनीचा राखाडी.
कुणीतरी रंगावरच अर्थ जोडून गेला होता.
पत्र्याला तो शिवलाच नव्हता,
फक्त बोल्टाच्या आट्यांतून झिरपेल तेवढा.
मीटरच्या चिमूटभर करंटला तेवढा पुरायचा.
ठोक्याला पुरत नव्हता.

आमच्या भागात पाट्यांवरही रंगावर रंग चढतो,
आज ह्या लिपीचा, उद्या त्या. मी त्यात पडत नाही,
माझ्या दुकानाला पाटीच नाही.
पॉलिश पेपर घेतला आणि घासत राहिलो
पत्रा उघडा पडेस्तोवर.

"अर्थ आत?" दुंडाप्पानं कानडीत विचारलं,
म्हणजे, कळलं का.
"आत," मी म्हटलं.
माझ्या धंद्यात अर्थ लागतो,
त्याच्या भाषेत तो होतो.
रुपयाएवढ्या जागेवर दोघांचंही काम झालं.

अख्खं गाणं वाजलं. मग दुसरं. दिवा हिरवा.
दीडशे सांगितले, पॉलिश पेपर धरला नाही.
दुंडाप्पा नोटा मोजत होता.
सहना खाली उतरून पुलाच्या खांबाला हात लावून उभी होती,
तिनं तो एकदम उचलला.
मी मीटर घेऊन धावलो. हिरवाच.
ती गाडीकडं नाही, रुळांकडं बघत होती.

गेटाची घंटा त्यानंतर वाजली.