नुरा

सातपूरची सेकंड शिफ्ट सुटली की मी पंचवटीत येतो,
निवृत्ती बोरस्ते वस्तादांच्या तालमीत.
हौद्याच्या कठड्यावर टॅब ठेवतो,
तेलाच्या बाटलीला टेकवून.
बाहेर गोदाकाठ निजलेला.
आत ओसाका.

दिवसभर मी बेअरिंग तपासतो.
दहा मायक्रॉन इकडेतिकडे झालं की लाल ठिपका.
ती सवय कार्डावर पंच मारून सुटत नाही.

तर, मोरिगुची. वय चोवीस, निळी लांग.
(लांग म्हणू नको, वस्ताद म्हणतात, ती चड्डी आहे.)
कोपर झकास चालवतो, पण पाय आधीच आपटतो फळीवर:
गडगडाट आधी, वीज मागून.
डाव्या गुडघ्यावर पाच मिनिटं मार खाल्ला
आणि लगेच दोरावर चढला माकडासारखा.
कुठला गुडघा दुखत होता, बाबा?
लाल ठिपका.

ओनोदेरा. सत्तेचाळीस. पोट सुटलेलं, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या.
फारसं काही करत नाही.
मार बसल्यावर लगेच पडतसुद्धा नाही,
आधी उभाच राहतो, उधारी आठवणाऱ्या वाण्यासारखा,
मग एक गुडघा, मग हात,
मग सगळाच,
मांडवाची मागची दोरी कुणी सोडावी तसा.

"नुराच की ही," वस्ताद म्हणतात. "ठरवून."
ठरवूनच, मी म्हणतो.
लग्नही ठरवूनच असतं,
रडणारे खरंच रडतात.
वस्ताद हसत नाहीत. पण टॅब जरा जवळ ओढतात.

सतरावं मिनिट.
मोरिगुची वरच्या दोरावरून उडतो, कोलांटी अपुरी पडते,
डोकं खाली, पाय अजून वरच.
ओनोदेराने तिथंच उभं राहून छातीवर घ्यायचं, असं ठरलेलं.
तो दोन पावलं पुढे येतो.
दोघं कोसळतात.
लोक ओरडतात मोरिगुचीच्या नावाने.

"मागे घे."
घेतलं.
"परत."
तिसऱ्यांदा वस्ताद बोट ठेवतात काचेवर,
बोटाची माती तिथंच राहते:
"त्याचा डावा हात बघ. पोराच्या मानेखाली."

वस्तादांचा उजवा खांदा कानापर्यंत चढत नाही.
तालमीत त्याच्या गोष्टी पुष्कळ. एकीत बैल आहे,
एकीत राजदूत मोटरसायकल.
आज ते म्हणाले: सिन्नरची जत्रा. सातशे रुपयांची.
मीच पडायचं ठरलेलं.
पोरगं बुजलं, ढाक मारताना स्वतःच उलटलं,
मान खाली आली.
मी आत घुसलो.
हलगी थांबली. लोकांनी शिट्ट्या मारून मला फडाबाहेर काढलं.
बरोबरच केलं,
कुस्ती वाईटच झाली.

पोरगं?
"दिंडोरीला हार्डवेअर विकतं.
मान छान वळते त्याची. मला बघून दुसरीकडे वळते."

टॅबवर पंच फळी बडवतो: वान, त्सू,
आणि तिसरा आकडा गर्दीत बुडतो.
ओनोदेरा चीत.
मोरिगुचीचा हात वर.

माझं मत: सामना मध्यम, मधली सहा मिनिटं फुकट, शेवट लांबलेला.
ठिपक्याचं मात्र जमेना.
काचेवरची माती पुसायला गेलो, तर वस्तादांनी हात धरला,
"राहू दे," म्हणाले.
मग दिवा मालवता मालवता, दारातून,
"आणि त्या पोराला कुणीतरी सांगा रे,
पाय नंतर आपट."