तीन मिलिमीटर

कॉलनीच्या हॉलमध्ये नकाशा अंथरला
तर त्याची टोकं राहून राहून वर येत होती.
एकावर वीट ठेवली, एकावर पाण्याची बाटली,
तिसऱ्यावर मन्सुरीबाईंचा जेवणाचा डबा,
चौथ्यावर मीच बसले.
अडतीस वर्षं नकाशांवर वाकण्यात गेली,
बसले आज पहिल्यांदा.

आर्किटेक्ट मुलगा सांगत होता,
वीस वर्षांनी बिचोलीच्या या अंगाला
पन्नास हजार माणसं असतील.
(मी मनात म्हटलं, एक कमी धर.)
त्याच्या रंगीत पिना यायच्या होत्या, आल्या नाहीत,
म्हणून मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट दिलं:
ज्याला जे हवं, त्यानं तिथे लावा.

तोमरसाहेबांनी पार्किंगसाठी तीन लावल्या.
माणशी एक, म्हटलं, तर म्हणाले, गाड्या तीन आहेत.
मन्सुरीबाईंनी बसथांब्यावर लावली.
मुलगी क्लासहून रात्री नवाला उतरते,
दिवा नाही, बाक नाही,
फक्त 'बसथांबा' लिहिलेली एक पाटी आहे.
बर्व्यांनी दवाखाना मागितला, आणि त्याच्या शेजारी,
कुणी हसेल म्हणून अगदी हळूच, वाचनालय.
शाळेच्या जागेवर सात लागल्या.
तिथे सध्या मॅरेज गार्डन आहे.

गेंदालालजी उशिरा आले.
ही सगळी जमीन त्यांची; लसूण व्हायचा इथे, सोयाबीन व्हायचं.
त्यांनी आधी खिडकीतून बाहेर बघितलं,
मग म्हणाले, हा कागद फिरवा.
डबा उचलला, वीट उचलली, मलाही उठवलं,
कागदावरची उत्तर खऱ्या उत्तरेला नेली
आणि मगच बोट टेकवलं:
"पाणी तो यां सेज जायगा, बाई."
बोटाखाली छापलं होतं, 'प्रस्तावित उद्यान, टप्पा दोन'.

शेजारून नाला जात होता, एक बारीक निळी रेघ.
वळणावरून ओळखला मी त्याला.
माणूस आपलं अक्षर ओळखतो तसा.

एकोणनव्वद साल, एप्रिल,
पंख्यानं कागद उडू नये म्हणून पंखा बंद.
साहेब म्हणाले, जरा आत घ्या हा नाला.
का, ते ट्रेसरनं विचारायचं नसतं.
अर्ध्या ब्लेडनं जुनी रेघ खरवडली,
शाईचा चुरा फुंकरीनं उडवला
आणि तीन मिलिमीटर आत नवी ओढली.
सुरेख आली होती. साहेबांनी वाखाणली.
प्रमाण एकास चार हजार,
म्हणजे जागेवर बारा मीटर.

त्या बारा मीटरवर आता घरांची एक ओळ आहे.
त्यातलं अकरा नंबर माझं.
फंडाच्या पैशात बसलं,
स्वस्त होतं, आणि स्वस्त का होतं
हे या शहरात मला जितकं ठाऊक होतं
तितकं क्वचितच कुणाला असेल.

मी हे सांगितलं. आवाज अगदीच बारीक निघाला.
तोमर म्हणाले, मॅडम, झालं ते झालं,
रजिस्ट्र्या झाल्या, लोनं झाली.
बर्वे चष्मा पुसत राहिले.
मुलानं मात्र पेन्सिल काढली,
जुना सर्व्हे नंबर विचारला,
आणि माझ्यासमोर धरली ती पेन्सिल.
ओढली रेघ. हात कापत होता, वाकडी आली,
बहुधा नाला असतो तशीच.
पुढची बैठक रंगपंचमी झाल्यावर ठरली.

उठता उठता पाहिलं,
वॉचमन भुरियाची कमली
उरलेली शेवटची टिकली घेऊन उकिडवी बसली होती.
नकाशाची कड संपते तिथून वीतभर पुढे
तिनं ती फरशीवर दाबली.
मी म्हटलं, अगं, कागद इथेच संपतो.
म्हणाली, पण आमचं घर तर इथे आहे.

नकाशा गुंडाळून रबर लावलं.
टिकली फरशीवरच राहिली.
सकाळी झाडताना दिसली,
मी केरसुणी तिच्या बाजूनं नेली.